अनुभव धागा: किरायाचं घर की स्वतःचं? तुमचा हिशोब सांगा

पऱ्हाटीवाली (वर्धा जिल्हा)
आज घरपट्टी भरून आले. साऱ्या वर्षाची मिळून जेवढी झाली, त्याहून जास्त आम्ही तालुक्याला एका महिन्याचा किराया देत होतो. दर ११ महिन्यांनी नवा करारनामा, नवा आकडा. वर घरमालकाचं सबमीटर, युनिटमागे तो म्हणेल तो दर. मग गावठाणात सासऱ्यांच्या जागेवर बांधलं. पण खरा फरक किराया वाचण्यात नाही पडला. कापूस ठेवायला खोली झाली! आधी वेचला की लगेच गावात येणाऱ्या खेडा खरेदीवाल्या व्यापाऱ्याला, त्याच्याच काट्यावर, त्याच्याच भावात. आता थांबता येतं. तुमचं लिहा.

काळीमाती
थांबता येते, बरोबर. २०२२ ले क्विंटलमागे दहा हजाराच्या वर गेला ना कापूस, मंग पुढच्या हंगामात सारं गाव थांबलं. घरोघरी आढ्यापर्यंत गंजी. भाव काही आला नाही. उन्हाळ्यात त्या कापसानं पोट्ट्यांच्या अंगाले खाज सुटली. आम्ही आंगनात बाजा टाकून झोपलो अन् घरात कापूस झोपला 😂

बदलीवाली बाई
मी उलट्या बाजूची. दोघंही नोकरीत, बदलीचा भरवसा नाही. घरभाडे भत्ता मिळतो, त्यात किराया निघतो. गृहकर्जाच्या व्याजावर २ लाखांपर्यंत वजावट जुन्या करप्रणालीत. नवीनमध्ये स्वतः राहता त्या घराला तीही नाही. आणि गावातलं घर घ्यायला गेलो तर मालकाकडे फक्त नमुना ८, म्हणजे ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा. बँकेतले साहेब म्हणाले, यावर कर्ज नाही होत. आमची घरमालकीण आजी पोळ्याला पुरणपोळी आणून देते, ती कोणत्या रकान्यात लिहू?

ड्रोनपाहिलेला
ताई, त्या गावात स्वामित्व योजनेचं, म्हणजे ड्रोननं गावठाणाचं मोजमाप झालं असेल तर सनद (मालकीचा कागद) निघाली का विचारा. आमच्याकडे चुन्याच्या रेषा मारल्या, ड्रोन उडून गेला, दोन भाऊ अजून त्या रेषेवर भांडून राहिले.

पत्र्याखालचा
सरकारी घरकुल आलं आमचं. आमच्या वेळी १.२० लाख, संडासाचे १२ हजार वेगळे, रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी. हप्त्या-हप्त्यानं येते. जुनं पाडलं, जोत्यापर्यंत आलो अन् पुढचा हप्ता अडकला. तेवढे महिने स्वतःच्याच गावात किरायानं! रेती ५ ब्रास फुकट म्हणतात, पण ट्रॅक्टरवाला फुकट येते का? तरी सांगतो, बांधा. बकऱ्या बांधायले कोणाले विचारा लागत नाही. किरायाच्या घरात बकरीची एक पाट (तरणी मादी) ठेवली होती तर मालकीण रोज लेंड्या मोजे.

पऱ्हाटीवाली
लेंड्या मोजे 🤣🤣

संत्राबहार
स्वतःच्या घराचा खर्च कोणी लिहूनच नाही राहिलं. दरवर्षी मृगाच्या आधी छपराचे कवेलू (कौलं) फेरा. फेरून खाली उतरत नाही तं वानरांची टोळी हजर. मागच्या खेपेला एका दुपारी अख्खी ओळ फोडली. किरायदार असतो तर मालकाले फोन लावून मोकळा झालो असतो.

काळीमाती
भाऊ, टिनं टाक.

संत्राबहार
टिनाखाली मे महिन्यात बसून दाखव, मंग बोलू.

बदलीवाली बाई
फटाके फोडून पाहिले का? शाळेत आम्ही ताट वाजवतो, पण आता ती ताटाला भीत नाहीत.

संत्राबहार
फटाक्यालेही नाही भीत. अन् आमच्या इकडे कवेलू फेरणारा माणूसच नाही उरला. कोणाच्या गावात असन तर सांगा, रोजी देतो, वर जेवण.