नैराश्य म्हणजे इमान (अल्लाहवरची श्रद्धा) कच्चं?

खाडीकाठ: अब्बा गेल्याला आठ महिने झाले. भूक नाही, झोप नाही. फजरला, पहाटेच्या नमाजाच्या वेळी, डोळे उघडे असतात, पण अंथरुणातून उठवत नाही. डॉक्टरांनी नैराश्य सांगून गोळ्या दिल्या. मामूंच्या कानावर गेलं, तर म्हणाले, "इमान कच्चं झालं की असं होतं. नमाज सांभाळ, गोळ्या फेकून दे." माझ्या मते हे मामूंचं म्हणणं झालं, दीनचं, म्हणजे धर्माचं नव्हे. याकूब अलैहिस्सलाम तर नबी, म्हणजे पैगंबर होते. मुलगा युसुफ दुरावल्याच्या दुःखात त्यांचे डोळे पांढरे पडले, हे कुरआनातच आहे. त्यांचं इमान कच्चं म्हणायची कुणाची छाती आहे?

सुपारीबाग: भावा, याकूबांनी गाऱ्हाणं मांडलं कुणाकडे? अल्लाहकडेच ना? कुरआनाच्या सूरह रअदमध्ये स्पष्ट आहे, मनाला शांती अल्लाहच्या जिक्रनेच, स्मरणानेच मिळते. 2020 मध्ये माझा धंदा बसला, तेव्हा तहज्जुदने, रात्री उठून पढलेल्या नमाजने तारलं. गोळीला हात लावला नाही. हल्ली जरा उदास वाटलं की लोक दवाखाना गाठतात.

खाडीकाठ: तुला तारलं, माशाअल्लाह. पण सगळं दुःख एका जातीचं नसतं. बल्खचा विद्वान अबू जैद अल-बल्खी हजार वर्षांपूर्वी हेच लिहून गेलाय: एक दुःख कारण ठाऊक असलेलं, दुसरं कारणच न सापडणारं. दुसऱ्याचं मूळ त्याने शरीरात धरलं आणि इलाजही शरीराचाच सांगितला.

सुपारीबाग: मग तुझं पहिल्यातलं. अब्बा गेले, हे कारण ठाऊक आहे की.

खाडीकाठ: अब्बांसाठी रडू आलं असतं तर डॉक्टरकडे गेलोच नसतो. रडूच येत नाही रे. कबरीवर जातो, फातिहा पढतो, आत काहीच हलत नाही.

तिरकस: यात धर्म कशाला? डॉक्टरकडे जा, विषय संपला.

रात्रपाळी: मानसोपचार विभागात नर्स आहे, म्हणून बोलते. तिरकस, रात्री दोन वाजता डॉक्टर उशाशी नसतो. पैगंबरांकडे वही, म्हणजे अल्लाहचा संदेश, यायची थांबली होती, त्यानंतर सूरह दुहा उतरली: तुझ्या रबने तुला सोडलेलं नाही, तो नाराजही नाही. हे ऐकून सकाळपर्यंत तग धरलेले पेशंट मी पाहिलेत. अगदीच सहन होईना तर 14416 ही सरकारी हेल्पलाइन रात्रीही चालू असते. आणि सुपारीबागभाई, आधी उंट बांध, मग तवक्कुल कर, अल्लाहवर भरवसा ठेव, ही तिर्मिझीच्या संग्रहातली हदीस, पैगंबरांचं वचन, तुम्हालाही पाठ असेल. बीपीची गोळी घेणाऱ्याचं इमान कुणी तपासत नाही.

सुपारीबाग: बीपी मशीनवर दिसतं, बाजी. मन कुठे दिसतं? बरं, रमजानमध्ये काय? गोळीपायी रोजे सोडायचे?

रात्रपाळी: आजाऱ्याला सूट सूरह बकरातच आहे. पण पुष्कळ गोळ्यांची वेळ सहरी-इफ्तारला बसवता येते. महिनाभर आधी डॉक्टरांना विचारा. आपल्या मनाने बंद मात्र करू नका.

खाडीकाठ: बंद आधीच झाल्यात, चार दिवस. मामूंचं ऐकून अम्मीने पाकीट लपवलंय. बहुतेक तांदळाच्या डब्यात असेल. बघतो.