दापोली तालुक्यात जुनं कौलारू घर घेतोय, टोकन द्यायच्या आधी काय काय तपासू?

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो, आज अडलंय म्हणून धागा काढतोय.

हर्णै आणि केळशीच्या मधल्या पट्ट्यात एक घर बघून आलो. जांभ्याचं जोतं, चिऱ्याच्या भिंती, पुढे पडवी, मग ओटी, माजघर. नऊ गुंठ्यांत पाच नारळ, दोन हापूस आणि एक रातांबा. १८ लाख सांगतात, पैकी १ लाख टोकन येत्या रविवारपर्यंत हवंय. बायको म्हणते एवढी घाई कशाला, मुलगा म्हणतो रेंज नाही. मी मात्र पडवीत बसून चहा घेतला आणि तिथेच निम्मा विकला गेलो.

आता जे खटकलं ते.

निसर्ग वादळात (३ जून २०२०) अर्ध्या घराची कौलं गेली, तिथे निळे पत्रे घातलेत. उरलेली कौलं ठीक दिसतात, पण माजघरात तुळईला गाडीची किल्ली टोचून पाहिली तर गळ्यापर्यंत आत गेली आणि भुकटी खाली सांडली. मालक म्हणाले, "जुनं लाकूड आहे, वरून तसंच दिसतं."

विहिरीचं पाणी प्यायलो, गोड लागलं. शेजारच्या आजी गडग्यापलीकडून बघत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "वैशाखात येऊन पी, मग सांग." समुद्र तिथून फार तर तीनशे मीटर असेल.

सातबाऱ्यावर तीन भावांची नावं आहेत, तिघेही विकायला तयार आहेत. इतर हक्कात 'कु.का. (कूळकायदा) कलम ४३ च्या बंधनास पात्र' असा शेरा आहे. घरपट्टी मधल्या भावाच्या नावाने येते, लाईट बिल अजून त्यांच्या आजोबांच्या नावाने. बहिणी दोन, "त्यांनी हक्क सोडलाय" असं सांगतात. मी डोंबिवलीत राहतो, पण खेड तालुक्यात सातबाऱ्यावर नाव आहे, त्यामुळे शेतकरी असण्याचा प्रश्न नाही.

वकील गाठायचाच आहे. पण त्याला काय विचारायचं हेच नीट कळत नाहीये. ज्यांनी कोकणात घर घेतलंय किंवा घेता घेता सोडलंय त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद

टोकन देऊ नका. बाकीचं नंतर.

प्रतिसाद

बहिणींनी हक्क सोडलाय, पण कशावर? हक्कसोडपत्र नोंदणीकृत लागतं. घरात बसून वहीच्या पानावर केलेल्या सह्या उद्या उपयोगाला येणार नाहीत. वडील वारले की मुली वारस असतातच, आणि वडिलोपार्जित मिळकतीत २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलगी मुलाच्या बरोबरीने हिस्सेदार आहे. आम्ही गुहागरकडे जागा घेतली तेव्हा खरेदीखताच्या आदल्या आठवड्यात बडोद्याहून एक आत्या उगवली. बिचारी चुकीची अजिबात नव्हती, तिला कोणी विचारलंच नव्हतं. दोन वर्षं गेली त्यात.

कलम ४३ ला घाबरू नका. याचा अर्थ जमीन कूळकायद्याने मिळालेली आहे. पूर्वी विकायला परवानगी लागायची. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, कुळाच्या खरेदीला दहा वर्षं उलटली असतील तर आकाराच्या (म्हणजे जमिनीच्या सरकारी साऱ्याच्या) चाळीस पट नजराणा सरकारला भरून मोकळं होता येतं. कोकणातला आकार बघता ती रक्कम तुमच्या येण्याजाण्याच्या खर्चापेक्षा कमी निघेल. पण घेणारा शेतकरी हवा, आणि कुळाचं ३२ म चं प्रमाणपत्र (कुळाने जमीन खरेदी केल्याचा दाखला) किंवा त्याचा फेरफार (मालकी बदलल्याची नोंद) हातात घ्या. तो नसला तर मात्र घोडं अडतं.

प्रतिसाद

वकिलाआधी सुतार न्या. गावातला नको, शेजारच्या गावातला. तुळई मधे ठोकून काही समजत नाही, वाशाचं टोक भिंतीत जिथे बसतं तिथे बघायचं. वाळवी भिंतीच्या ओलीबरोबर वर चढते. आणि जांभा पाणी पितो हो! तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात घर फेब्रुवारीत बघून घ्यायचं म्हणजे मुलगी मेकअपमध्ये बघण्यासारखं आहे (बायकोने हे वाचू नये). जुलैत एकदा जा. जोत्यापासून भिंत किती वर ओली होते ते हाताने चाचपा, आणि पागोळ्यांचं पाणी घराकडे वळतं की बाहेर जातं ते बघा.

विहिरीबद्दल आजींचं ऐका. पावसाळ्यानंतर गोडं पाणी वर असतं. उन्हाळ्यात पातळी उतरली आणि उपसा वाढला की किनाऱ्यालगत खारं पाणी आत सरकतं. विहीर त्याच नऊ गुंठ्यांत आहे ना, तेही मोजणी करून बघा. आमच्याकडे अर्ध्या विहिरी गडग्याच्या पलीकडे निघतात.

प्रतिसाद

समुद्र तीनशे मीटरवर म्हणजे सीआरझेड, किनारपट्टीवरच्या बांधकामाचे निर्बंध, आलं. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा त्यात येतो. आहे त्या घराची डागडुजी वेगळी आणि पाडून दुमजली होमस्टे बांधणं वेगळं. मनात दुसरं असेल तर आधी त्या गटाचा सीआरझेड नकाशा बघा. घरपट्टीच्या उताऱ्याने मालकीही सिद्ध होत नाही आणि बांधकाम परवानगीही.

आणि एक, जे वकील विचारणार नाही. त्या घरात गणपतीला कोण कोण येतं ते विचारा. संगणकावरच्या सातबाऱ्यात तीन नावं असतील, पण तलाठ्याकडचे जुने हस्तलिखित उतारे आणि फेरफार काढा. त्यात आजोबांच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' दिसलं तर ते एकत्र कुटुंबाचे मॅनेजर, एकटे मालक नव्हेत. त्यांच्या भावंडांच्या शाखा मुंबईला गेल्या आणि कागदावरून गळल्या असतील. गणपतीला मात्र कोणी गळत नाही.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. रविवार गेला, टोकन दिलं नाही. मालकांचा फोन आला, थोडे नाराज आहेत.

शेवटचा प्रतिसाद वाचून फोनमधले फोटो परत काढले. माजघराच्या दाराच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं होतं, तेव्हा सहज टिपलं होतं. मोठं करून बघितलं. गणपतीच्या पाळ्या आहेत. एकेका वर्षापुढे 'मोठे', 'मधले', 'धाकटे', पुढे 'बोरिवली' आणि 'आक्का', मग पुन्हा 'मोठे'. म्हणजे पाच पाळ्या, आणि सातबाऱ्यावर तीन नावं.

मालकांना जरा बिचकतच विचारलं. थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, बोरिवलीवाले म्हणजे चुलते, आजोबांच्या धाकट्या भावाची मुलं, ते "काही बोलणार नाहीत". आक्का म्हणजे मोठी बहीण. धाकट्या बहिणीची पाळी नाही, ती सासरच्या गणपतीला असते.

जुन्या फेरफारांच्या नकलांसाठी अर्ज करणार आहे. वैशाखात पाणी प्यायला जाईनच, सुतार खेडहून नेतोय. घर अजून मनातून जात नाही.

आता पुढचा प्रश्न. वकील म्हणतात पेपरात जाहीर नोटीस देऊ, कोणाची हरकत असेल तर समोर येईल. मला वाटतं त्याआधी बोरिवलीला स्वतः जाऊन भेटावं, नोटीस वाचून माणसं बिथरतात. पण मी भेटलो तर मालक म्हणणार, आमच्या घरात तुम्ही कशाला पडलात. असं कोणी केलंय का? आधी भेट की आधी नोटीस?