मदत हवी आहे : पगचा उजवा डोळा मिटलेला, हिरवट चिपडं, बुबुळावर पांढुरका डाग

धागाकर्ता : सह्यवारा

ठिकाण चिपळूण. साडेचार वर्षांचा पग, नर, वजन साडेनऊ किलो. काल सकाळपासून उजवा डोळा अर्धवट मिटून ठेवतो, उजेडात तर पूर्णच मिटतो. पंजाने चोळायला बघतो. पाणी गळतंय, सोबत घट्ट हिरवट चिपडं. बुबुळावर मधोमध, किंचित नाकाच्या बाजूला, मोहरीएवढा पांढुरका डाग आहे. डावा डोळा नीट उघडा आहे, पण चिकट चिपडं त्यालाही गेले दोन-तीन महिने येतायत. खाणंपिणं व्यवस्थित.

घरात माणसांचे सिप्रोफ्लॉक्सॅसिन अधिक डेक्सामेथासोन असे थेंब आहेत. पशुवैद्य उद्या दुपारी भेटतील, त्यांचं काम मुख्यतः गाईगुरांचं. तोवर काय करू? आणि कोणत्या तपासण्या करायला सांगू?

निशिगंध

ते थेंब घालू नका. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड आहे. मिटलेला डोळा, पाणी आणि बुबुळावर डाग हे तिन्ही एकत्र दिसलं की कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, जखम आहे असंच धरून चालायचं. स्टिरॉइडने जखमेवर नवी त्वचा चढायची थांबते आणि कॉर्निया विरघळवणाऱ्या विकरांना जोर येतो. कुत्र्याचा कॉर्निया जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे भोक पडायला वेळ लागत नाही. फसगत अशी होते की स्टिरॉइडने लाली उतरते, डोळा बरा दिसतो आणि आत जखम खोल जाते. बाटलीच्या नावामागे 'डी' किंवा 'डेक्सा' असेल, किंवा घटकांत प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन, फ्लुरोमेथोलोन असेल, तर ती बाजूला ठेवा.

आज रात्री : गळ्यात प्लास्टिकची कॉलर, झोपेतसुद्धा. चिपडं ०.९ टक्के नॉर्मल सलाइनने ओली करून गॉजने बाहेरच्या बाहेर टिपा. कापसाचे तंतू डोळ्यात अडकतात, म्हणून कापूस नको. गुलाबपाणी, मध, तूप, काजळ काहीही नको. दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटॅमॉल मनाने देऊ नका. पशुवैद्यांना फोन करा, ते हो म्हणाले तर साधं टोब्रामायसिन ०.३ टक्के, दर चार तासांनी एक थेंब.

डाग पसरला, त्याच्या कडा जेलीसारख्या लिबलिबीत झाल्या, मध्ये खड्डा दिसला किंवा खड्ड्यातून काळसर ठिपका वर आला, तर उद्याची वाट बघू नका. जिथे रात्री पशुवैद्य मिळतील तिथे न्या. तशा वितळणाऱ्या जखमेत डोळा एका दिवसात फुटू शकतो.

खारीचा वाटा

तपासण्यांचा क्रम महत्त्वाचा. पहिली शर्मर, म्हणजे अश्रू मोजण्याची. ती कुठलेही थेंब घालण्याआधी आणि डोळा धुण्याआधी करायची. कागदी पट्टी खाचेपाशी दुमडून खालच्या पापणीत, बाहेरच्या बाजूला अडकवायची आणि बरोबर ६० सेकंदांनी वाचायची. १५ मिलिमीटर किंवा जास्त आलं तर ठीक, १० ते १५ संशयास्पद, १० च्या खाली कोरडा डोळा, ५ च्या खाली गंभीर. दुखऱ्या डोळ्यात पाणी एरवी वाढलेलं असतं, तरीही आकडा १० च्या आसपास आला तर तो डोळा खरोखर कोरडा आहे. डाव्या डोळ्याचीही करायला सांगाच. महिनोन् महिने चिकट चिपडं येणं हे पगमध्ये कोरड्या डोळ्याचंच लक्षण असतं बहुतेक वेळा, आणि लोक त्याला नुसता जंतुसंसर्ग समजून थेंब बदलत बसतात.

मग फ्लुरोसिन, म्हणजे जखम दाखवणारा रंग. पट्टीवर सलाइनचा एक थेंब टाकून ती वरच्या पांढऱ्या भागाला हलकेच टेकवायची, कॉर्नियाला नाही. तिथे टेकली की खोटा डाग उमटतो. सलाइनने धुऊन अंधारात निळ्या उजेडात बघायचं. जिथे त्वचा गेली तिथे चकचकीत हिरवं दिसतं. कडेने हिरवं कडं आणि मधला भाग स्वच्छ असेल तर आनंदू नका : तिथे फक्त शेवटचा पातळ पडदा उरलाय आणि तो रंग धरत नाही. अशा डोळ्यावर अजिबात दाब येऊ द्यायचा नाही, थेट शस्त्रक्रिया.

पशुवैद्यांकडे या पट्ट्या नसतील तर माणसांच्या नेत्रतज्ज्ञांकडे मागा. दोन्ही पट्ट्या त्याच असतात.

सह्यवारा

खूप आभार. शर्मर उजवा ६, डावा ८. उजव्या डोळ्यात गोल, उथळ हिरवा डाग, मधला भाग स्वच्छ नाही. टोब्रामायसिन दिवसातून सहा वेळा आणि ॲट्रोपिन १ टक्के दोन वेळा दिलंय. कोरड्या डोळ्यात ॲट्रोपिन चालेल? कोरड्या डोळ्याचं औषध सायक्लोस्पोरिन इथे फक्त ०.०५ टक्क्यांचं मिळतं.

निशिगंध

ॲट्रोपिनने आतल्या स्नायूची उबळ सुटते आणि दुखणं कमी होतं, पण अश्रूही घटतात. म्हणून बाहुली मोठी झाली की थांबवता येईल का, हे पशुवैद्यांना विचारा. सोबत प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं कार्बॉक्सिमिथाइलसेल्युलोज किंवा सोडियम हायल्युरोनेट दर दोन-तीन तासांनी. दोन थेंबांत पाच-दहा मिनिटं ठेवा, मलम सगळ्यात शेवटी. पगच्या मागे बसा, हनुवटी वर करा, बाटली वरून आणा म्हणजे त्याला दिसत नाही. टोक डोळ्याला लागू देऊ नका. मानेवर दाब नको. पगचे डोळे खोबणीत उथळ बसलेले असतात, मान आवळली तर डोळा बाहेर येऊ शकतो. फिरवताना पट्ट्याऐवजी हार्नेस वापरा.

०.०५ टक्के कुत्र्यांना कमी पडतं, सहसा ०.२ टक्के दिवसातून दोनदा लागतं. त्याऐवजी टॅक्रोलिमस ०.०३ टक्के डोळ्यांचं मलम आहे का बघा. त्वचेवर लावायचं त्याच नावाचं मलम डोळ्यात घालायचं नाही. जखम असताना सुरू करायचं की भरल्यावर, हे पशुवैद्य ठरवतील. परिणाम दिसायला चार-सहा आठवडे लागतात आणि औषध बहुधा जन्मभर चालतं. आकडा १५ वर गेला म्हणून थांबवलं की तो पुन्हा खाली येतो.

खारीचा वाटा

एक राहिलं. नाकावरच्या वळीतले केस कॉर्नियाला घासतात का, आतल्या कोपऱ्यातली पापणी आत वळलीय का, हे भिंगाने बघायला सांगा. डाग नाकाच्या बाजूला आहे म्हणून हा संशय जास्त. वरची पापणी उलटूनही बघा, तिच्या आतून एखादा केस उगवलेला असतो. उथळ जखम आठवड्याभरात भरायला हवी. नाही भरली तर थेंब बदलण्याआधी असं कारण शोधायचं.

पिवळी कोरांटी

मांजराच्या पिलाचे दोन्ही डोळे चिकटलेत, शिंका पण आहेत. हेच थेंब चालतील?

निशिगंध

तिथे बहुतेक वेळा मांजरांचा हर्पिस विषाणू असतो. स्टिरॉइड तिथेही नाही. कोमट सलाइनचं गॉज दोन-तीन मिनिटं ठेवून पापण्या मऊ करा आणि अलगद उघडा, आत पू साचून राहिला तर कॉर्निया खराब होतो. मग पशुवैद्यांकडे न्या. विषाणूचं औषध वेगळं असतं.

सह्यवारा, तिसऱ्या दिवशी पुन्हा फ्लुरोसिन करून घ्या. त्या सुमारास डागाच्या दिशेने कडेकडून बारीक तांबड्या शिरा येताना दिसल्या तर घाबरू नका, जखम भरायला रक्तपुरवठा येतोय. त्या दिवसाला साधारण एक मिलिमीटर पुढे सरकतात. मात्र डोळा आधीपेक्षा घट्ट मिटू लागला तर तिसऱ्या दिवसापर्यंत थांबू नका. टोब्रामायसिन हिरवा रंग पूर्ण जाईपर्यंत चालू, कॉलर त्यानंतरही दोन दिवस.