भांडवलाला लवाद, कामगाराला नुसता शब्द?

आडवाट: जागतिकीकरण थांबवा असं मी म्हणत नाही. पण पेटंट आणि गुंतवणुकीला आंतरराष्ट्रीय करारांत लवादाचं संरक्षण, आणि कामगाराच्या जिवाला फक्त कंपन्यांची ऐच्छिक आचारसंहिता? २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ सावारमध्ये राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. आदल्याच दिवशी तडे दिसले होते. खालच्या बँकेने आपले कर्मचारी घरी पाठवले; वर कपडे शिवणाऱ्यांना मात्र सकाळी कामावर यायला भाग पाडलं. ११०० हून जास्त माणसं गेली. तिथल्या काही कारखान्यांचं या आचारसंहितेखालचं ऑडिटही झालेलं होतं!

मुक्तपेठ: असहमत. दुर्घटना भयंकरच, पण कामगारांच्या अटी करारांत घालायचं तुमचं औषध गरीब देशांनाच बाधेल. १९९६ ला सिंगापूरला जागतिक व्यापार संघटनेच्या (डब्ल्यूटीओ) परिषदेत कामगारविषयक अटी व्यापाराला जोडायला भारतासह अनेक विकसनशील देशांनी विरोध केला तो उगाच नव्हे. स्वस्त मजुरी हेच त्यांचं बळ, आणि श्रीमंत देश तिलाच अन्याय ठरवून दारं लावून घेतात. चीनमध्ये चार दशकांत सुमारे ८० कोटी लोक अतिदारिद्र्यातून वर आले. जगाची बाजारपेठ नसती तर हे झालं असतं?

आडवाट: म्हणूनच अट देशावर नको, माल घेणाऱ्या कंपनीवर हवी. राणा प्लाझानंतर कपड्यांच्या २०० हून जास्त ब्रँडनी कामगार संघटनांबरोबर 'अकॉर्ड' हा कारखान्यांच्या सुरक्षेचा करार केला, तोही कायद्याने बंधनकारक. इंजिनियर कारखान्यात जाऊन खांब, वायरिंग, जिने तपासायचे आणि अहवाल सगळ्यांसमोर यायचा. दुरुस्ती रखडली तेव्हा संघटनांनी दोन ब्रँडना हेगच्या लवादापुढे खेचलं, आणि दोघांनाही तडजोड करावी लागली. बांगलादेशची कपड्यांची निर्यात पुढच्या वर्षांत वाढलीच.

उंबरठा: मालाच्या भावाचं काय? सुरक्षेवर खर्च करायचा कारखानदाराने, आणि पुढच्या ऑर्डरला ब्रँड पुन्हा भाव पाडून मागणार. २०२० च्या साथीत तर कित्येक ब्रँडनी शिवून तयार असलेल्या मालाच्या ऑर्डरी रद्द केल्या. त्या महिन्याचा पगार बुडाला तो शिवणाऱ्या बाईचा.

मुक्तपेठ: हे वाईटच झालं. पण भाव सरकारने ठरवला तर ऑर्डर शेजारच्या देशात जाईल. मग ती बाई कुठे जाणार?

आडवाट: भाव ठरवू नका, व्यवहार पाळायला लावा. युरोपीय संघाने २०१९ मध्ये शेतमाल आणि खाद्यपदार्थांच्या खरेदीत हेच केलं: नाशवंत मालाची ऑर्डर ऐनवेळी रद्द करायला बंदी आणि पैसे चुकते करायला ठरावीक मुदत. संघाबाहेरच्या पुरवठादारांनाही ते संरक्षण आहे. यात कुठल्याच देशाची मजुरी महाग होत नाही. कपड्यांच्या खरेदीला हा नियम लावायला तुमची हरकत आहे का?