प्रमाण क्षपण विभवाला गुणांकाने केव्हा गुणायचे?

प्रश्न (बारावी विज्ञान)

नमस्कार. विद्युतरसायनशास्त्रातील दोन उदाहरणे मला परस्परविरोधी वाटतात. तांबे आणि चांदी यांच्या घटात तांब्याचा अणू दोन इलेक्ट्रॉन देतो, चांदीचा आयन मात्र एकच घेतो, म्हणून समीकरण संतुलित करताना चांदीची अर्ध-अभिक्रिया (अभिक्रियेची इलेक्ट्रॉन घेणारी किंवा देणारी एक बाजू) दोनने गुणावी लागते. तरीही तिचा प्रमाण क्षपण विभव (इलेक्ट्रॉन घेण्याची ओढ दाखवणारा व्होल्टमधील आकडा) ०.८० व्होल्ट तसाच ठेवायचा, त्यातून तांब्याचा ०.३४ वजा करायचा आणि ०.४६ व्होल्ट हे उत्तर लिहायचे, असे शिकवले जाते. लोखंडाच्या उदाहरणात मात्र फेरिकचे (तीन धन प्रभारांचा लोखंडाचा आयन) फेरस (दोन धन प्रभारांचा; ०.७७ व्होल्ट) आणि फेरसचे लोखंड (उणे ०.४४ व्होल्ट) या दोन आकड्यांवरून फेरिकपासून थेट लोखंडाचा विभव काढताना दुसऱ्या आकड्याला दोनने गुणले आहे. गुणायचे नाही हा नियम असेल, तर इथे का गुणले? शिवाय दोन सेल एकापुढे एक जोडले की व्होल्टेज दुप्पट होते. मग अभिक्रिया दुप्पट केल्यावर ते का होत नाही?

उत्तर १ (रसायनशास्त्र शिक्षक)

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे त्यातूनच सुटते. दोन सेल एकापुढे एक जोडले असता तोच इलेक्ट्रॉन दोन्ही सेलमधून जातो आणि दोनदा ऊर्जा मिळवतो, म्हणून व्होल्टेज दुप्पट होते. अभिक्रिया दुप्पट करणे म्हणजे मात्र दुप्पट इलेक्ट्रॉन प्रत्येकी एकदाच पाठवणे होय. भिंतीवरच्या घड्याळातला पेन्सिल सेल आणि मोठ्या टॉर्चमधला जाड सेल या दोन्हींवर १.५ व्होल्टच छापलेले असते; जाड सेलमध्ये रसायने जास्त, म्हणून तो जास्त काळ चालतो, एवढेच.

व्होल्ट म्हणजे दर कूलोम विद्युतप्रभारामागे मिळणारे ज्यूल. प्रमाणानुसार वाढते ती ऊर्जा, हा दर नव्हे. तुमच्याच घटात दोन मोल इलेक्ट्रॉन वाहतात, तेव्हा मिळणारी ऊर्जा २ × ९६५०० × ०.४६, म्हणजे सुमारे ८८.८ किलोज्यूल होते (मोल हे कण मोजण्याचे एकक; एक मोल इलेक्ट्रॉनांचा प्रभार सुमारे ९६५०० कूलोम). संपूर्ण समीकरण दोनने गुणले तर इलेक्ट्रॉन चार मोल होतात आणि ऊर्जा १७७.६ किलोज्यूल होते. पण त्या ऊर्जेला चार मोलांच्या प्रभाराने भागले की पुन्हा ०.४६ व्होल्टच उरतात. द्रावणाच्या तीव्रतेनुसार विभव किती बदलतो हे सांगणाऱ्या नर्न्स्ट समीकरणातही हेच दिसते: गुणांक दुप्पट केले की लॉगमधील गुणोत्तराचा वर्ग होतो, पण बाहेर भागणारी इलेक्ट्रॉनसंख्याही दुप्पट होते आणि दोन्ही परिणाम एकमेकांना छेदतात.

उत्तर २ (भौतिक रसायनशास्त्राचा अभ्यासक)

वरील उत्तराशी सहमत आहे. मात्र ‘कधीच गुणायचे नाही’ असा नियम पाठ करून घेतला जातो, त्याबद्दल माझी तक्रार आहे. लोखंडाच्या उदाहरणात विद्यार्थी अडतात ते त्यामुळेच.

खरे म्हणजे बेरीज नेहमी ऊर्जेचीच करायची असते. पूर्ण घटात एका बाजूने सुटलेले सर्व इलेक्ट्रॉन दुसरी बाजू घेते, त्यामुळे दोन्ही अर्ध-अभिक्रियांमधील इलेक्ट्रॉनसंख्या सारखी असते. ऊर्जेची वजाबाकी करून शेवटी त्याच संख्येने भागायचे असल्यामुळे गुणाकार आणि भागाकार दोन्ही गळून पडतात आणि विभव थेट वजा केला तरी उत्तर बरोबर येते. लोखंडाच्या उदाहरणात दोन अर्ध-अभिक्रिया मिळवून तिसरी अर्ध-अभिक्रियाच तयार होते. पहिलीत एक इलेक्ट्रॉन, दुसरीत दोन आणि बेरजेत तीन, म्हणजे इथे छेदण्यासारखे काही नाही. म्हणून १ × ०.७७ अधिक २ × (उणे ०.४४) यांची बेरीज उणे ०.११ येते, तिला तीनने भागायचे आणि उणे ०.०४ व्होल्ट हे उत्तर मिळते. आकडे सरळ मिळवले असते, तर अधिक ०.३३ आले असते आणि फेरिक आयनाच्या संदर्भात लोखंड जवळजवळ तांब्याच्या पंक्तीला जाऊन बसले असते.

तांब्यावर ही रीत स्वतः ताडून पाहावी. क्युप्रिकचे (दोन धन प्रभारांचा तांब्याचा आयन) क्युप्रस (एक धन प्रभाराचा) ०.१५, क्युप्रसचे तांबे ०.५२, दोन्ही ठिकाणी एकेक इलेक्ट्रॉन, म्हणून बेरजेला दोनने भागायचे. उत्तर ओळखीचे निघेल.

उत्तर ३ (प्रयोगशाळा सहायक)

हे प्रत्यक्षात पाहायचे असेल, तर तांब्याची पट्टी तांब्याच्या सल्फेटात आणि चांदीची तार सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात ठेवून दोन्ही चंचुपात्रे क्षारसेतूने (आयन जाऊ देणाऱ्या, क्षाराचे द्रावण भरलेल्या नळीने) जोडावीत आणि व्होल्टमीटर लावावा. नंतर तीव्रता तीच ठेवून द्रावणे दुप्पट घ्यावीत, पट्टीही मोठी घ्यावी. काटा होता तिथेच राहतो. क्षारसेतूसाठी पोटॅशियम क्लोराइड मात्र वापरू नये, कारण चांदीच्या बाजूला सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका बसतो, द्रावणातील चांदीचे आयन कमी होतात आणि वाचन घसरते. तिथे पोटॅशियम नायट्रेट घ्यावे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

आभारी आहे. तांब्याचे उत्तर ०.३४ च्या जवळ आले. मग लोखंडाचे हेच दोन आकडे वापरून पूर्ण घट मांडला, तर त्यात गुणायचे नाही, बरोबर ना?

उत्तर २ कडून

बरोबर. फेरिक आयन आणि लोखंड यांच्यापासून फेरस आयन तयार होतात, अशी अभिक्रिया मांडावी. लोखंड दोन इलेक्ट्रॉन देते आणि दोन फेरिक आयन ते घेतात. इलेक्ट्रॉन पूर्ण छेदले जातात, म्हणून ०.७७ वजा (उणे ०.४४), म्हणजे १.२१ व्होल्ट. विभव धन असल्यामुळे ही अभिक्रिया आपोआप घडते. म्हणूनच फेरस सल्फेटचे आम्लयुक्त द्रावण साठवताना बाटलीत स्वच्छ लोखंडी खिळा टाकतात. हवेतील ऑक्सिजनमुळे तयार झालेले फेरिक आयन तो पुन्हा फेरस करतो आणि द्रावण पिवळसर न होता फिकट हिरवे राहते.