मदत हवी आहे: लाठी फिरवता येते, पण समोरचा खरोखर मारायला लागला की काय करायचं?

नमस्कार मंडळी,

मूळचा कोल्हापूरचा, नोकरीमुळे आता चिंचवडला. लहानपणापासून पेठेतल्या आखाड्यात मर्दानी खेळ शिकलोय. लाठी, पट्टा (लवचिक पात्याची तलवार), बाणा, विटा (दोरी बांधलेला भाला) सगळं थोडंथोडं, पण हात बसलाय तो लाठीवर. शिवजयंतीच्या मिरवणुकीत खेळतो, रविवारी सोसायटीतल्या पोरांना शिकवतो.

ऑफिसातला एक मित्र फिलिपिनो पद्धतीची काठी शिकतो. बोलता बोलता ठरलं, एकदा समोरासमोर हात करून बघू. पीव्हीसी पाइपवर एसीच्या नळीचा फोम गुंडाळला, हेल्मेटं चढवली आणि सुरू केलं. त्याची काठी हातभर, माझी लाठी माझ्या खांद्याएवढी. पारडं माझंच जड असणार असं आम्हा दोघांनाही वाटत होतं.

मी दोन हाती फिरवत पुढे, तो मागे मागे. त्याने घाईच केली नाही. लाठीचं टोक माझ्या पाठीकडे गेलं की तेवढ्या वेळात तो आत शिरायचा आणि पुढच्या हाताच्या अंगठ्यावर टप्पकन एक ठेवून द्यायचा. अंगठा बधिर झाला की पकड ढिली, पकड ढिली की फेक गेली. आणि तो एकदा चिकटला की लाठी लांब असणंच मला नडायला लागलं. चाललं ते एकच: फिरवणं सोडून टोक त्याच्या छातीच्या रोखाने धरलं आणि ढोसायला लागलो, तेव्हा तो लांब राहिला. गंमत म्हणजे मिरवणुकीत हे कुणी करत नाही, कारण त्याला टाळ्या नाहीत.

तर प्रश्न असे. ही कला खऱ्या लढतीत टिकत नाही, की आम्ही ती लढतीसाठी शिकतच नाही? लाठीचा सराव पूर्ण जोराने, पण हातपाय न मोडता, करायचा तर साहित्य काय वापरावं? आणि वस्तादांपुढे हा विषय कसा काढावा? वय सत्तरीच्या पुढे, मान मोठा, आणि ‘मारामारी शिकायला येता काय रे’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

‘हे सोडा, एमएमए (सगळ्या शैली मिसळलेली लढत) लावा’ एवढाच सल्ला असेल तर कृपया नको. मला लाठीच खेळायची आहे.

जुना_पैलवान:

भावा, तू कोल्हापूरचा असून हा प्रश्न विचारतोस? कुस्ती पारंपरिक नाही काय? खाशाबा जाधव मातीत तयार झाले. 1948 ला लंडनला गादीवर सहावे आले, 1952 ला हेलसिंकीला कांस्य घेऊन आले. गादी वेगळी, नियम वेगळे, तरी माणूस टिकला. का? तालमीत रोज जोर होतो, म्हणजे पूर्ण ताकदीने सरावाची कुस्ती. समोरचा पैलवान ढाक सुखासुखी लावू देत नाही, पट काढायला गेलास तर मानेवर बसतो. लागत नसलेला डाव महिन्याभरात आपोआप गळून पडतो, कुणी सांगावं लागत नाही. तुमच्या लाठीला हा जोर कुठाय? दोघं मिळून बसवलेली लढत मी पण बघितलीय मिरवणुकीत. दिसायला झकास, पण कोण कधी वाकणार हे दोघांनाही आधीच माहीत.

निशा_कराटे:

मी कराटे शिकवते, त्यामुळे ‘पारंपरिक म्हणजे कुचकामी’ हे आठवड्यातून एकदा तरी ऐकते. पुरावा म्हणून हमखास 2017 चा चीनमधला व्हिडिओ दाखवतात, एमएमए खेळणाऱ्या शू शियाओदोंगने ताई चीच्या वेई लेईला काही सेकंदांत लोळवलं तो. त्याच दमात कुणी हे सांगत नाही की शोतोकान कराटेत वाढलेला ल्योतो माचिदा 2009 मध्ये यूएफसी या एमएमए स्पर्धेचा विजेता झाला. त्याचं अंतर राखणं आणि सरळ आत झेपावणं कराटेचंच होतं, फक्त ते त्याने कुस्ती आणि जुजुत्सूवाल्यांसमोर घासून घेतलं होतं.

माझं मत असं की शैलीपेक्षा नियम बघा. माणूस ज्या नियमांत सराव करतो तसा घडतो. टोकियो ऑलिंपिकचा जड गटाचा कराटे अंतिम सामना आठवतोय? सौदीचा तारेग हमेदी पुढे होता, त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेहच्या डोक्याला बसली, गंजजादेह बेशुद्ध पडला आणि सुवर्ण गंजजादेहलाच मिळालं. प्रमाणाबाहेर जोर वापरला म्हणून हमेदी बाद! बाहेरच्या माणसाला हसू येतं, पण लाथ आवरती घेणं हा त्या खेळाचा नियमच आहे. क्योकुशिन या कराटेच्या प्रकारात उलटं. तिथे अंगावर पूर्ण जोराने मारतात, पण हाताने तोंडावर मारायला बंदी, म्हणून त्यांच्यातले बरेच जण हात खाली ठेवतात आणि बॉक्सरसमोर अडचणीत येतात.

तुमच्या मिरवणुकीचाही एक नियम आहे: प्रेक्षकाला दिसलं पाहिजे. मग ढोसणं कोण शिकवणार?

आणि ‘आमचे मार जीवघेणे, म्हणून सरावात वापरता येत नाहीत’ असं कुणी म्हणालं तर कानो जिगोरोचं उदाहरण द्या. 1882 मध्ये ज्युदो सुरू करताना त्यांनी घातक प्रकार मोकळ्या सरावातून बाजूला काढले, जेणेकरून उरलेले पूर्ण ताकदीने, विरोध करणाऱ्या माणसावर, रोज करता येतील. अर्धे डाव ठेवूनही त्यांची पोरं भारी ठरली.

म्यूनिककर:

साहित्याबद्दल बोलतो. मी इथे जर्मनीत जुन्या युरोपियन तलवारबाजीच्या क्लबात जातो. आमची परंपरा तर मध्येच तुटलेली, जुनी हस्तलिखितं वाचून पुन्हा उभी केलेली, त्यामुळे प्रत्येक गोष्ट मुखवटा चढवून तपासल्याशिवाय कुणी मानत नाही.

पहिलं म्हणजे बोटं. लाठीला मूठ नाही, आडवा दांडा नाही, म्हणजे समोरच्याला सगळ्यात जवळ सापडतो तो तुमचा हातच. तुमच्या मित्राने चूक काही केलं नाही. सुरुवातीला क्रिकेटचे बॅटिंग ग्लोव्ह्ज चालतील, अंगठ्याची बाजू भक्कम असलेले घ्या.

दुसरं डोकं. क्रिकेट हेल्मेट नको. जाळी चेंडूसाठी असते, काठीचं टोक फटीतून आत येऊ शकतं. फेन्सिंगचा मुखवटा घ्या, पण तो टोचण्यासाठी बनवलाय, दणक्यासाठी नाही, आणि डोक्याची मागची बाजू उघडीच असते. वरून जाड फोमचं आवरण आणि मागे संरक्षण लागेलच. गळपट्टा, कोपर, गुडघे, आणि पुरुष मंडळींनी गार्ड विसरू नये.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, लाठी बदला. खरी बांबूची लाठी घेऊन पूर्ण जोराने खेळायचं नाही म्हणजे नाही. मुखवट्यावरूनही मेंदूला हादरा बसतो. जपानी लोकांनी केंदोसाठी, म्हणजे त्यांच्या तलवारबाजीसाठी, हाच प्रश्न अठराव्या शतकात सोडवला. बांबूच्या चार पट्ट्या एकत्र बांधून शिनाई केली आणि अंगावर चिलखत घातलं. मोठ्या माणसाची शिनाई साधारण 120 सेंटिमीटर, वजन अर्धा किलोच्या आसपास. लाठीसाठी हलका वेत, वर फोम, आणि टोकाला चांगला गुबगुबीत गोळा, कारण ढोसणं सुरू केलंत की बरगड्या जातात. पीव्हीसी तडकला तर धारदार कडा निघते, फोमखाली दिसतही नाही. तो बंद करा.

अप्पा_सातारा:

पोरांनो, थोडं माझंही ऐका. लाठी गरगर फिरवणं नुसतं शोभेचं नाही. चार जणांनी घेरलं तर एकावर टोक रोखून कसं भागेल? चौफेर फिरवून जागा करायची आणि निसटायचं, त्यासाठी ते. एकास एक लढतीत ते अपुरं पडलं म्हणून कलेला नावं ठेवू नका. तीन जणांना तुमच्या अंगावर सोडा आणि मग बघा काय चालतं ते.

दुसरं, फरी-गदका विसरलात काय? डाव्या हातात फरी म्हणजे छोटी ढाल, उजव्यात चामडं चढवलेला गदका, आणि समोरासमोर शिर, तमाचा, बाहेरा मारायचे आणि अडवायचे. आमच्याकडे हे आधी आणि पट्टा नंतर, असा क्रम होता. हा सरावाचा खेळच आहे, परका नाही. पंजाबातही काठी आणि फरी घेऊन गतका गुणांवर खेळतात, 2022 ला पंचकुलाच्या खेलो इंडियात तो होता. वस्तादांकडे जाऊन ‘स्पॅरिंग करू द्या’ म्हणालास तर दारातूनच परत पाठवतील. ‘फरी-गदका शिकवा, कुणी शिकवत नाही आता’ म्हण. माझ्या अंदाजाने स्वतः उठून उभे राहतील.

धागाकर्ता:

सगळ्यांचे आभार. अप्पा, तीनास एकचा प्रयोग या रविवारी करतोय, पोरं आत्तापासूनच हात चोळतायत. निशाताई, नियमांचं पटलं. हातावरच्या माराला निम्मा गुण ठेवावा म्हणतो, नाहीतर सगळे बोटांच्याच मागे लागतील. की पूर्ण द्यावा, म्हणजे हात जपायची सवय लागेल?

@म्यूनिककर, पीव्हीसी आजच भंगारात टाकला. पाच फुटांचा सरळ वेत पुण्यात कुठे मिळेल? बुरूड आळीत बांबू मिळतो, वेताचं माहीत नाही. कुणी घेतला असेल तर जाडी किती घेतली तेही सांगा. वस्तादांकडे दिवाळीत गावी गेलो की जाईन, काय म्हणतात ते इथेच लिहितो.