कोळ्यासारखा प्राणी, पण मिशा? हे नक्की काय आहे

संगमेश्वरजवळ आमचं गाव आहे, काल रात्री मागच्या दारी गडग्यावर बॅटरी मारली तर फटीतून चपट्या अंगाचा एक प्राणी बाहेर आला, खेकड्यासारखा आडवा चालत होता आणि पुढे दोऱ्यासारखे दोन बारीक अवयव, अंगापेक्षा कितीतरी लांब, त्यातला एक पुढे आणि एक बाजूला करून दगड चाचपत होता. कोळ्याला मिशा नसतात असं शाळेत शिकलोय. मग हे काय? आजी म्हणते विषारी असेल, मारून टाक. मारलं नाही अजून.

रानवाट:
मारू नका प्लीज! हा व्हिप स्पायडर, गट अँब्लिपायजी. खरा कोळी नव्हे, जाळं विणत नाही, विष नाही, नांगी नाही. तुम्ही पाहिल्या त्या मिशा म्हणजे पायांची पहिली जोडी आहे, चालायला उरलेले सहाच वापरतो. तोंडापुढे काटेरी हात असतात ते किडे पकडायला.

आठपायी:
वरच्यात भर घालतो. झुरळाला मिशांची एक जोडी, कोळंबीला दोन, पण कोळी-विंचवाच्या घराण्यात मिशा मुळातच नाहीत, त्यामुळे यांनी पायच त्या कामाला लावलेत. व्हिनेगरसारख्या वासाचा फवारा मारणारा शेपटीवाला व्हिप स्कॉर्पियन पहिलीच जोडी वापरतो, हार्वेस्टमन (लांब काडीसारख्या पायांचा, याच घराण्यातला) मात्र दुसरी. आणि हे नुसतं चाचपणं नाही, टोकांनी वासही कळतो. मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकात व्हिप स्पायडरना राहत्या झाडापासून 10 मीटरपर्यंत लांब नेऊन सोडलं तर रात्रीच्या जंगलातून बरेच परत आले, डोळे झाकल्याने फार बिघडलं नाही पण या पायांची टोकं निकामी केली की घर सापडणं अवघड झालं. मला तर हे फार भारी वाटतं. आज परत दिसला तर थोडा वेळ थांबून बघा, तो लांब पाय तोंडाशी ओढून साफ करतो, अगदी झुरळ मिशी साफ करतं तसं.

कलमवाली:
आमच्या आंब्यावर तांबड्या मुंग्यांची पानं शिवलेली घरटी आहेत, तिथे मुंगीसारखाच दिसणारा एक कोळी फिरतो, पुढचे दोन पाय वर धरून मिशांसारखे हलवतो. तोपण असाच का?

आठपायी:
नाही ताई, ती नक्कल आहे, मुंगी समजून शिकाऱ्यांनी सोडून द्यावं म्हणून. पळताना नीट बघा, आठही पाय टेकवतो आणि थांबला की पुढचे उचलतो.

मूळ प्रश्नकर्ता:
थँक्स सगळ्यांना. आज परत दिसला, त्याच फटीत! आजीलापण दाखवला. पण एक मिशी अर्धी तुटलेली वाटतेय, काल अंधारात माझ्या चपलेखाली आली असेल का अशी रुखरुख लागलीय. परत येते का?

रानवाट:
येते, कात टाकली की. हे मोठे झाल्यावरही कात टाकत राहतात. फक्त गडगा हलवू नका, आणि बॅटरी जास्त वेळ अंगावर धरू नका.